तृष्णा, मूत्र आणि तुला : दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंमधील उदकक्षयाची परीक्षा

दीर्घ पल्ल्याची धाव हा आता केवळ व्यावसायिक खेळाडूंचा विषय राहिलेला नाही. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, २०१२ साली साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रातील अनेक शहरांनी अशा शर्यती भरविल्या. आज बँकेतील अधिकारी, शिक्षिका, दुकानदार आणि निवृत्त गृहस्थ पहाटे उठून दहा, एकवीस, क्वचित बेचाळीस किलोमीटरचा सराव करताना दिसतात. यांपैकी बरेच जण पेटके, शिरःशूल, ग्लानी, मूत्राचा गडद वर्ण अशा तक्रारी घेऊन आपल्या चिकित्सालयात येतात, किंवा औषधालयाच्या फळीसमोर उभे राहून 'काहीतरी पाण्यातून घ्यायचे द्या' असे म्हणतात. शर्यतीच्या दिवशी मदत केंद्रावर सेवा देण्यासाठीही आपल्यापैकी अनेकांना बोलावणे येते.

या सर्व ठिकाणी प्रश्न एकच असतो. समोरच्या व्यक्तीच्या शरीरातील उदक खरोखर कमी झाले आहे काय? रस्त्याकडेच्या मंडपात रक्ततपासणीची सोय नसते, आणि रोजच्या सरावासाठी कोणी रोज सुई टोचून घेत नाही. म्हणून शरीरात काहीही न टोचता हे कसे ओळखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत. आमचे प्रतिपाद्य आरंभीच मांडतो. कोणतेही एक लक्षण या निदानास पुरेसे नाही. वजन, मूत्र आणि तृष्णा या तिघांची साक्ष एकत्र घेतली तरच निर्णय विश्वासार्ह होतो. आणि धावून कोसळलेला प्रत्येक जण शुष्क झालेला असतो असे नाही. काहींच्या बाबतीत स्थिती नेमकी उलट असते, व तेथे पाणी हेच विष ठरू शकते.

शास्त्रातील अधिष्ठान

चरकसंहितेच्या विमानस्थानात उदकवह स्रोतसाचे मूळ तालु व क्लोम असे सांगितले असून, त्याच्या दुष्टीची लक्षणे म्हणून जिव्हा, तालु, ओष्ठ, कंठ व क्लोम यांचा शोष आणि अतिप्रवृद्ध तृष्णा यांची गणना केली आहे. शारीरस्थानात शरीरातील उदकाचे प्रमाण स्वतःच्या ओंजळीने दहा अंजली मानले आहे. हे प्रमाण ज्याच्या त्याच्या अंजलीने मोजावयाचे आहे, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. सर्वांना लागू पडणारा एकच आकडा शास्त्राने दिलेला नाही. क्लेदाचे वहन हे मूत्राचे कर्म आणि क्लेदाचे धारण हे स्वेदाचे कर्म, असे वाग्भटाचार्य सांगतात. म्हणजे क्लेदाचा हिशेब पाहावयाचा तर या दोन मलांकडे पाहणे ओघानेच आले.

व्यायाम अर्धशक्तीने करावा ही आज्ञा आपणा सर्वांस परिचित आहे. अतिव्यायामाच्या दुष्परिणामांत तृष्णा, श्रम, क्लम, ज्वर आणि छर्दी यांचा उल्लेख आहे. बेचाळीस किलोमीटरची धाव ही अर्धशक्तीची मर्यादा उघडपणे ओलांडणारी क्रिया आहे. धावूच नका, असे सांगून हा प्रश्न सुटत नाही. धावणारा धावणारच असतो. त्यास सुरक्षित ठेवणे हे आपले काम होय.

आणखी दोन वचनांचा आशय येथे ध्यानात घ्यावा. तृष्णा हा अधारणीय वेगांपैकी एक वेग आहे, म्हणजे तहान लागली असता ती दाबू नये. त्याचबरोबर शरद व ग्रीष्म हे ऋतू वगळता निरोगी माणसानेही पाणी अल्प प्रमाणातच घ्यावे, असा वाग्भटांचा उपदेश आहे. तहान मारू नये आणि तहानेवाचून पिऊ नये, या दोन आज्ञांमधील अंतर आधुनिक क्रीडावैद्यकास अनेक दशकांच्या अनुभवानंतर उमगले. त्याचा वृत्तांत पुढे येईल.

दर्शन व स्पर्शन कितपत विश्वसनीय?

शुष्क जिव्हा, खोल गेलेले डोळे, चिमटीत धरलेली त्वचा सावकाश पूर्ववत होणे ही लक्षणे आपण सर्वजण शिकलो आहोत. अतिसाराने क्षीण झालेल्या बालकात ती मोलाची आहेत. मात्र हीच लक्षणे धावपटूस जशीच्या तशी लावता येतात काय, याची तपासणी झाली आहे. २०१० साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंमध्ये त्वचेची स्थितिस्थापकता, तहान, खोल डोळे, थुंकता न येणे आणि मुखशोष ही लक्षणे वजनातील घटीशी ताडून पाहिली गेली. उदकक्षय निश्चित करण्यास यांपैकी एकही चिन्ह एकट्याने पुरेसे विश्वसनीय ठरले नाही.

हा निष्कर्ष आपल्या परीक्षापद्धतीस कमीपणा आणणारा आहे असे आम्ही मानीत नाही. त्यामागील कारण समजून घेतले पाहिजे. अतिसारात जल आणि क्षार जवळजवळ रक्तातील प्रमाणातच बाहेर पडतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांतील द्रव लवकर घटतो आणि त्वचा, डोळे व नाडी यांवर त्याची चिन्हे लवकर उमटतात. घामाचे तसे नाही. रक्तद्रवात सोडियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, तर घामात ते बहुधा २० ते ८० मिलिमोल एवढेच असते. म्हणजे घामावाटे क्षारापेक्षा जल अधिक जाते, रक्त दाट होते, आणि पेशींमधील पाणी ओढले जाऊन रक्ताचे आकारमान काही काळ राखले जाते. परिणामी बाह्य लक्षणे उशिरा दिसतात. दोन्ही अवस्थांत जल घटते, पण संप्राप्ती भिन्न आहे. म्हणून लक्षणेही भिन्न असणारच.

शिवाय धावण्याच्या क्रियेनेच काही चिन्हे उत्पन्न होतात. तोंडाने श्वास घेतल्याने जिव्हा कोरडी पडते. कृश धावपटूचे डोळे व गाल प्रकृतीनेच खोल असतात. पन्नाशीनंतर त्वचेची स्थितिस्थापकता वयोमानानेच घटते. शर्यत संपताच नाडी जलद असणे हे स्वाभाविक आहे. ती दहा-पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनंतरही तशीच क्षीण व जलद राहिली, तरच तिला अर्थ येतो. दर्शन-स्पर्शन टाकून द्यावे असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. त्यांना एकट्याने निर्णय देण्यास लावू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तुला : सर्वांत साधे व सर्वांत खरे साधन

काही तासांच्या अवधीत वजनात होणारी घट ही प्रामुख्याने जलाची घट असते. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर जल, हे व्यवहारापुरते गणित आहे. धावण्यापूर्वी मूत्रविसर्जन करून, कमीत कमी वस्त्रांत, त्याच काट्यावर वजन घ्यावे. धावल्यानंतर अंग पुसून, ओले कपडे काढून पुन्हा घ्यावे. भिजलेले बूट व सदरा यांसह घेतलेले वजन निरुपयोगी होय.

उदाहरणार्थ, एखाद्याचे धावण्यापूर्वीचे वजन ६४.० किलो आणि दोन तासांनंतरचे ६२.६ किलो भरले, वाटेत त्याने ६०० मिलिलिटर पाणी घेतले व मूत्रविसर्जन केले नाही, असे समजू. वजनातील घट १.४ किलो, म्हणजे सुमारे २.२ टक्के. प्यालेले पाणी त्यात मिळविले म्हणजे एकूण स्वेद सुमारे २ लिटर, अर्थात ताशी १ लिटर. सामान्यतः धावपटूंचा घाम ताशी अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत असू शकतो. हा फरक देहमान, वेग, ऋतू व हवेतील आर्द्रता यांवर अवलंबून असतो. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीर थंड करीत नाही. म्हणून साताऱ्याच्या पहाटे काढलेला आकडा किनारपट्टीवर लागू पडत नाही. प्रत्येकाने आपल्या गावी व आपल्या ऋतूत तो स्वतंत्रपणे काढावा.

घटीचा अर्थ लावताना तारतम्य हवे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००७ साली २ टक्क्यांहून अधिक घट टाळावी असे सुचविले. तथापि २ टक्के ही कार्यक्षमतेसंबंधीची मर्यादा आहे, व्याधीची नव्हे. २००९ साली दुबई मॅरेथॉन जिंकणारे इथिओपियाचे हाईले गेब्रेसेलासी यांचे वजन त्या शर्यतीत जवळजवळ १० टक्क्यांनी घटले होते, आणि तरीही ते प्रथम आले. हे उदाहरण अनुकरणासाठी नाही. घट दिसली की लगेच व्याधी समजू नये, एवढाच त्यातील बोध आहे. कित्येक तासांच्या धावेत शरीरातील साठविलेले इंधनही जळते आणि त्याच्याबरोबर बांधलेले पाणी मोकळे होते. म्हणून थोडी घट स्वाभाविकच मानावी. याउलट धावल्यानंतर वजन वाढलेले आढळले, तर ती धोक्याची घंटा आहे.

रोजच्या सरावात सकाळचे वजन उपयोगी पडते. मलमूत्रविसर्जनानंतर, उपाशीपोटी, सलग काही दिवस घेतलेल्या वजनांची सरासरी काढावी. निरोगी माणसाचे हे वजन दररोज सुमारे १ टक्क्याच्या आतच हलते. त्याहून अधिक घट दिसली तर आदल्या दिवसाची भरपाई झालेली नाही असा संशय घ्यावा.

मूत्र : जुनी परीक्षा, नवी पट्टी

योगरत्नाकरात मूत्रपरीक्षेसाठी रात्रीच्या अंतिम प्रहरी, पहिली धार सोडून मधली धार काचेच्या पात्रात घ्यावी असे सांगितले आहे. आधुनिक विज्ञानही सकाळचे पहिले मूत्र, मधल्या धारेचे आणि पारदर्शक पात्रातलेच मागते. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाचे लॉरेन्स आर्मस्ट्राँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मूत्रवर्णाची आठ छटांची तालिका प्रसिद्ध केली. पहिल्या तीन छटा, म्हणजे फिकट पिवळ्यापर्यंतच्या, पुरेशा जलाच्या मानल्या जातात, आणि पुढे छटा जसजशी गडद होत जाते तसतसा क्षय अधिक समजला जातो. पात्र पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावे. शौचकूपातील पाण्यात मिसळलेल्या मूत्राचा वर्ण पाहण्यात अर्थ नाही.

अधिक नेमकेपणा हवा असल्यास विशिष्ट गुरुत्व मोजावे. हातात मावणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर मूत्राचे काही थेंब पुरतात. शुद्ध पाण्याचा आकडा १.०००, आणि मूत्राचा १.०२० पर्यंत असल्यास जलस्थिती समाधानकारक मानतात. हे उपकरण चिकित्सालयात ठेवण्याजोगे आहे. लघवी तपासण्याच्या रासायनिक पट्टीवरही विशिष्ट गुरुत्वाचा चौकोन असतो, मात्र त्याचे वाचन स्थूल असते.

मूत्राची साक्षही सापेक्षच आहे. जीवनसत्त्व 'ब' समूहाच्या गोळ्यांतील रायबोफ्लेविनने मूत्र गर्द पिवळे होते, बीटाने ते तांबूस होऊ शकते, कामला असल्यास हारिद्रवर्णी होते. घाईने लिटरभर पाणी प्याल्यास पेशींची तूट भरण्यापूर्वीच मूत्र फिके दिसू लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, श्रमाच्या काळात मूत्र रोखणाऱ्या अंतःस्रावाचे प्रमाण वाढते. त्यामुळे शर्यतीच्या लगेच नंतर मूत्र अल्प व गडद असले तरी शरीरात जल कमीच आहे असे ठरत नाही. म्हणून मूत्रपरीक्षा ही सकाळची परीक्षा समजावी, शर्यतीच्या रेषेवरची नव्हे. आणि मूत्र काळपट, चहाच्या अर्कासारखे दिसल्यास तो केवळ उदकक्षय समजू नये. स्नायूंच्या विघटनाने वृक्कांना इजा होण्याची ती सूचना असू शकते. अशा रुग्णास विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे.

तृष्णा : दुर्लक्षित साक्षीदार

'तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला' हे वाक्य अनेक वर्षे धावपटूंच्या मनावर बिंबविले गेले. प्रत्यक्षात तृष्णा ही शरीराची अत्यंत सूक्ष्म यंत्रणा आहे. रक्ताचा दाटपणा अवघ्या एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी ती जागी होते, म्हणजे व्याधी उत्पन्न होण्याच्या पुष्कळ आधी. तिला अधारणीय वेगांत स्थान देणाऱ्या आचार्यांची दृष्टी येथे प्रत्ययास येते.

मात्र प्रश्नपरीक्षा नीट झाली पाहिजे. नुसता मुखशोष आणि खरी तृष्णा यांत भेद करावा. एक-दोन घोट पाण्याने चूळ भरल्यावर शमते ती मुखाची शुष्कता. वृद्ध धावपटूंमध्ये तृष्णेचा वेग मंद असतो, म्हणून साठीपुढील व्यक्तीने तहान नाही असे सांगितले तरी तराजूकडे पाहावेच.

तिन्हींचा मेळ

शेव्हरॉन्ट आणि सावका या अमेरिकन संशोधकांनी २००५ साली सकाळच्या स्वपरीक्षेसाठी एक सोपी रीत मांडली. वजनात १ टक्क्याहून अधिक घट, गडद मूत्र आणि तृष्णा या तिघांची तीन वर्तुळे एकमेकांत गुंतलेली कल्पावीत. एकच चिन्ह असेल तर निष्कर्ष काढू नये. कोणतीही दोन असतील तर उदकक्षय संभवतो. तिन्ही असतील तर तो बहुतेक निश्चित समजावा. यास यंत्र लागत नाही, खर्च नाही, आणि रुग्ण घरच्या घरी हे करू शकतो.

चरकाचार्यांनी विमानस्थानात रोगज्ञानासाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान ही तिन्ही साधने सांगून, ज्ञानाच्या एका अंशाने संपूर्ण विषय कळत नाही असा इशारा दिला आहे. तृष्णा रुग्णाच्या वचनातून, मूत्र प्रत्यक्षातून आणि जलाची घट वजनावरून अनुमानाने कळते. हा मेळ आपल्या विचारपद्धतीस परका नाही.

नव्या यंत्रांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. शरीरातून सूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडून जलाचा अंदाज देणारे वजनकाटे, लालेचा दाटपणा मोजणारी साधने, त्वचेवर चिकटवून घामाचे प्रमाण व त्यातील क्षार दाखविणाऱ्या पट्ट्या आज उपलब्ध आहेत. विद्युत्प्रवाहाचे मापन त्वचेचे तापमान, घाम व अंगस्थिती यांनी बदलते, म्हणून धावून आलेल्या माणसात ते भरवशाचे नाही. लालेचे मापन नुकत्याच घेतलेल्या घोटाने बिघडते. घामाची पट्टी किती गेले ते सांगते, किती प्यायले गेले ते तिला ठाऊक नसते. जमाखर्चाची एकच बाजू पाहून शिल्लक काढता येत नाही. तूर्त तरी साधा, अचूक वजनकाटा या सर्वांहून अधिक उपयोगी आहे.

उलट दोष : अतिजलपान

दक्षिण आफ्रिकेतील दरबान व पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमधील सुमारे नव्वद किलोमीटरच्या कॉम्रेड्स मॅरेथॉनमध्ये १९८१ साली श्रमजन्य हायपोनेट्रिमियाचा, म्हणजे रक्तातील सोडियम घटण्याचा, रुग्ण आढळला. अशा चार रुग्णांचा वृत्तांत डॉ. टिम नोक्स व सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. कारण पाणी कमी पडणे हे नव्हते. ते गरजेपेक्षा फार अधिक पिणे हे होते. तरीही पुढील अनेक वर्षे 'जितके जमेल तितके प्या' हाच उपदेश चालू राहिला.

२००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांच्या एका धावपटू स्त्रीचा याच विकाराने मृत्यू झाला. त्याच शर्यतीत ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी केली असता १३ टक्क्यांमध्ये सोडियम १३५ किंवा त्याहून कमी आढळले, आणि तिघांमध्ये ते १२० किंवा त्याहूनही खाली होते. २००५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शर्यतीत वजन वाढणे हे या विकाराचे सर्वांत ठळक सूचक ठरले. चार तासांहून अधिक वेळ लागलेले धावपटू विशेष धोक्यात होते. याचे कारण उघड आहे. संथ धावणाऱ्यास घाम कमी येतो आणि पिण्यास वेळ पुष्कळ मिळतो. आपल्याकडील हौशी धावपटूंमध्ये अशांची संख्या मोठी आहे, म्हणून हा विषय आपल्यासाठी दूरदेशीचा नाही.

उदकक्षय आणि अतिजलपान या दोहोंत ग्लानी, हृल्लास, शिरःशूल आणि भ्रम आढळतात. येथेच घात होतो. भेद करण्यास पुढील चिन्हे साह्य करतात. अतिजलपानात तृष्णा बहुधा नसते, उदर फुगलेले असते, वमनात स्वच्छ पाणी पडते, हाताची बोटे सुजून अंगठी व घड्याळाचा पट्टा घट्ट होतो, आणि वजन पूर्वीइतकेच किंवा अधिक भरते. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांचे खरे सामर्थ्य येथे प्रकट होते. अंगठी फिरते काय, हे पाहण्यास क्षणभर पुरतो, आणि तो क्षण एखाद्याचा प्राण वाचवू शकतो.

शर्यतीच्या मंडपात

कोसळलेला धावपटू समोर आला असता पुढील क्रम ठेवावा असे आम्ही सुचवितो.

१. संज्ञा पाहावी. नाव, ठिकाण, वेळ नीट सांगता येत नसेल, आक्षेप येत असतील, तर ही आत्ययिक अवस्था होय. रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी.

२. उष्माघाताचा विचार आधी करावा. भ्रमाबरोबर शरीराचे आभ्यंतर तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर असेल तर रुग्ण हलविण्यापूर्वी थंड पाण्यात बुडवून किंवा बर्फाच्या ओल्या चादरींनी शीतोपचार सुरू करावा. कपाळावरील किंवा कानातील तापमापक येथे फसवतात. गुदमार्गाचे तापमान हेच प्रमाण. केवळ बाह्योपायांवर भिस्त ठेवण्याची ही जागा नव्हे. घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असेही समजू नये.

३. कोसळला कोठे, हे विचारावे. अंतिम रेषा ओलांडून थांबताच खाली बसणाऱ्यांमध्ये बहुधा पोटऱ्यांचे आकुंचन थांबल्याने रक्त पायांत साचते व रक्तदाब घसरतो. अशास उताणे निजवून पाय उंच ठेवले की बहुतेक वेळा लवकरच बरे वाटते. रेषेपूर्वीच कोसळलेल्याचे कारण मात्र गंभीर असण्याची शक्यता अधिक असते.

४. किती प्यायले, मूत्र केव्हा झाले, तहान आहे काय, हे विचारावे. अंगठी व बोटे पाहावीत. वजन घ्यावे आणि शर्यतीपूर्वीच्या वजनाशी ताडावे. याकरिता शर्यतीच्या क्रमांकपत्रामागे आदल्या दिवशीचे वजन लिहून ठेवण्याची सवय धावपटूंना लावावी.

५. वजन घटलेले, तृष्णा असलेली, संज्ञा स्वच्छ व वमन नसलेली व्यक्ती मुखानेच पाणी घेऊ शकते. शिरेवाटे सलाईन लावण्याची घाई करू नये. अतिजलपानाचा संशय असेल तर पाणी पूर्ण बंद करावे आणि साधे सलाईनही देऊ नये. अशा रुग्णास सोडियम मोजून तीव्र क्षारद्रव देण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच पाठवावे, व सोबतच्या चिठ्ठीत आपला संशय स्पष्ट लिहावा. तसे न लिहिल्यास तेथेही प्रथम साधे सलाईन लागण्याचा धोका राहतो.

औषधालयचालक बंधु-भगिनींसाठी

धावपटू प्रथम आपल्या फळीपाशी येतो, म्हणून आपली जबाबदारी थोडी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार ओआरएसचे २०.५ ग्रॅम मिश्रण एक लिटर पाण्यात विरघळवावयाचे असते, आणि त्यात सोडियम लिटरमागे ७५ मिलिमोल असते. पाकीट किती पाण्यासाठी आहे ते वाचून ग्राहकास सांगावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हे शब्द वापरण्यास मनाई केली. गोड पेय आणि ओआरएस यांतील भेद ग्राहकास समजावून देणे हे त्यानंतरही आपलेच काम आहे. शिवाय खऱ्या ओआरएसमधील सोडियमही रक्ताच्या सुमारे निम्मेच असते. म्हणून 'क्षार आहेत, कितीही प्या' असे कोणासही सांगू नये.

धावण्यापूर्वी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी मागणाऱ्यास परावृत्त करावे. श्रमाच्या काळात ती वृक्कांवरील ताण वाढविते, आणि जल रोखून सोडियम घटण्यासही हातभार लावू शकते. गोक्षुर, पुनर्नवा यांसारखी मूत्रल द्रव्ये असलेली औषधे चालू असतील तर शर्यतीच्या सुमारास वैद्याच्या सल्ल्याने त्यांचा पुनर्विचार व्हावा. औषध 'आपले' आहे म्हणून ते सर्व अवस्थांत निर्दोष ठरत नाही. श्रमानंतर खर्जूरादि मंथ, कोकमाचे सरबत, जिरे व सैंधव घातलेले ताक, मिठासह पेज ही आपल्या घरातील पेये उत्तम आहेत. पुढील धाव दुसऱ्या दिवसावर असेल तर नेहमीचा आहार आणि तहानेइतके पाणी एवढ्याने भरपाई होते. त्याच दिवशी पुन्हा श्रम करावयाचे असतील, तर गेलेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे दीड लिटर द्रव, क्षारयुक्त अन्नासह, कित्येक तासांत विभागून घ्यावे.

उपसंहार

धावपटूंना देण्याचा उपदेश शेवटी फार थोडक्यात मांडता येतो. सरावाच्या दिवसांत आपला घाम मोजावा, सकाळी वजन व मूत्र पाहावे, आणि शर्यतीत तहानेप्रमाणे प्यावे, तिच्याआधी नाही व तिला मारूनही नाही. वैद्यासाठी उपदेश याहूनही थोडा आहे. पाण्याचा पेला पुढे करण्यापूर्वी वजन पाहावे, मूत्राविषयी विचारावे, तहान जाणून घ्यावी.

येत्या हंगामात ज्या सभासदांस शर्यतींच्या मदत केंद्रांवर सेवा देण्याचे निमंत्रण येईल, त्यांनी औषधांच्या पेटीबरोबर एक अचूक वजनकाटा, गुदमार्गाचा तापमापक आणि पुरेसा बर्फ यांची मागणी आयोजकांकडे आधीच लेखी स्वरूपात करावी, अशी आमची नम्र विनंती आहे. शाखांनीही आपापल्या गावातील धावपटूंच्या गटांसाठी एखाद्या रविवारी वजन व मूत्रपरीक्षेचे शिबिर घ्यावे. त्यास खर्च अत्यल्प आहे, आणि तेथे शिकविलेली तीन गोष्टींची परीक्षा धावणाऱ्याच्या सोबत प्रत्येक किलोमीटरवर राहील.